समुद्रातली टरबुजाची वाडी

आमच्या दादाला समुद्राकाठी घर घ्यायचं होतं. आज हे मी शांतपणे लिहितोय, पण ऐकलं त्या रात्री जेवताना माझ्या हातातला भाकरीचा तुकडा कढीत पडला आणि मी तो शोधलासुद्धा नाही.

आमचं गाव तापीच्या काठावर, नंदुरबारहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आम्ही गुजर. कापूस, केळी, थोडा ऊस. आमच्यात सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. दादा म्हणजे शांतीलाल, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला त्यानंच वाढवलं, नांगर धरायला शिकवलं, सातवी फायनलपर्यंत शाळेत पाठवलं आणि माझं लग्नही त्यानंच लावलं. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. मला चार. ती चारही पोरं निजायची दादा-भाभीच्या खोलीत आणि जेवायचीही त्यांच्याच ताटात. माझी बायको वत्सलाबाई म्हणायची, आपण पोरं फक्त जन्माला घालतो, बाकीचं खातं वरच्या साहेबांकडे आहे.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. तेव्हा इकडचं-तिकडचं सगळं एकाच मुंबई राज्यात होतं, त्यामुळे सुरत परमुलूख वाटत नव्हतं. मार्गशीर्ष नुकताच लागला होता. केळी भरलेल्या रेल्वेच्या डब्याबरोबर दादा सुरतेला गेला. तिथल्या व्यापाऱ्यानं त्याला सकाळी टांग्यातून डुमसच्या बाजूला समुद्र दाखवायला नेलं. दादानं दोन तास समुद्र पाहिला, गाडी पकडली, आणि घरी येऊन जेवायला बसल्यावर म्हणाला,

“चुनी, मी तठे घर ली ऱ्हायनू.”

“कोठे?”

“समुद्रना काठवर. विकाले काढेल शे. मी नि तुन्ही भाभी तठे ऱ्हासूत. आठलं घर तुन्हं.”

जसोदाभाभी वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण कढी माझ्या वाटीच्या बाहेर पडली. घरासाठी दादा त्याच्या वाटणीची केळीची बाग करणसिंगला विकणार होता. करणसिंगचं शेत आमच्या बांधाला लागून. तो माणूस वीस वर्षं त्या बागेकडे अशा नजरेनं बघायचा, की केळीचे घड त्याच्या बाजूला जरा कमीच यायचे असा मला संशय होता. त्याला पुनवेनंतर दोन दिवसांत उत्तर हवं होतं.

मला दादा जायला नको होता. एवढीच गोष्ट होती. पण मी ती त्याला सांगितली नाही. आमच्या घरात पुरुष माणूस असलं काही बोलत नाही, आणि मी तर स्वभावाचा तिखट, मला गोड बोलायला लावलं की घसा बसतो. म्हणून मी खुसपटं काढत बसलो. घर जुनं असेल. तिथली भाषा. तिथलं पाणी. दादा प्रत्येक खुसपटाला उत्तर द्यायचा, आणि उत्तर नसलं की एकच हुकमी पान टाकायचा.

“पुढली रेती देखी का तू? दोन कोस रेती, चुनी! उघडी पडेल शे!”

हे पान काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर दादाला तुम्ही उगाच वेडा समजाल. तापीकाठी रीत अशी, की दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरलं की पात्रातली रेती उघडी पडते, आणि ज्याचा काठ त्याचीच समोरची रेती. सरकारी दप्तरात ती कुणाच्या नावावर नसते, पण तुमच्या बांधासमोरच्या रेतीत दुसरा कुणी पाय ठेवत नाही. पौषात तिथे खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचं, टरबूज आणि डांगराचं बी टोचायचं. होळी झाली की वाडी वेलांनी भरून जाते. आषाढात पूर आला की सगळं धुऊन जातं, तोवर आपण टरबुजं खाऊन बियासुद्धा वाळवलेल्या असतात. आमच्या वाट्याला बांधासमोर फक्त वीस पावलं रेती होती. दादाचा सगळा जीव त्या वीस पावलांत. आणि सुरतेच्या त्या घरासमोर त्यानं दोन कोस रेती पाहिली होती, ओली, काळी, आणि त्यात एकाही माणसानं एकही वेल लावलेला नव्हता!

“गुजराती लोके येडा शेतस,” दादा म्हणाला. “येपार करतस, पण रेतीकडे दखतस नही.”

गावाला बातमी कळली आणि देवळाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी समुद्राची चर्चा सुरू झाली. घर घेण्याआधी काय काय बघायचं, याची यादी करायचं ठरलं. मी फायनल पास, म्हणून कागद-पेन्सिल माझ्या हातात आली. ब्राह्मणपुरीहून आमची आत्या दगूबाई खास या कामासाठी गाडी जुंपून आली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, की समुद्राचं मसणवट वरच्या अंगाला आहे की खालच्या? पाणी प्यायचं तर हे आधी बघायला हवं. मी लिहिलं. एकानं विचारलं, समुद्र कोणत्या बाजूला वाहतो. दुसऱ्यानं विचारलं, म्हशी डुंबायला उतार आहे का. करणसिंगला व्यवहार व्हायलाच हवा होता, म्हणून तो दर प्रश्नाला “असेलच की” असं मध्येच बोलायचा.

“पलीकडला काठले कोणतं गाव शे?” दगूआत्यानं विचारलं.

“दिसत नही,” दादा म्हणाला. “पण लोके चांगला व्हतीन. मी दोन तास उभा व्हतू, भांडण ऐकू उनं नही.”

हे सगळ्यांना पटलं. बत्तीस प्रश्न झाले. पाणी कधी येतं, हे मात्र ओट्यावरच्या एकानंही विचारलं नाही, मीही नाही. पाणी आषाढात येतं आणि दिवाळीला जातं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. ते काय विचारायचं?

गावानं मग दादाला निरोपच देऊन टाकला. दाळ-बट्टीचं जेवण झालं, शेला-नारळ झाला, भजनी मंडळानं चार भजनं जास्तीची म्हटली. दगूआत्या आगाऊ रडून घेऊन ब्राह्मणपुरीला परत गेली, कारण पुढच्या वेळी तिला बैल मिळतील याचा भरवसा नव्हता. एवढं सगळं झाल्यावर घर न घेता परत येणं म्हणजे दादाला मान खाली घालून गावात शिरणं होतं. मी जेवलो, शेल्याला हात लावला नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघून वत्सलाबाई म्हणाली की बट्टीत खडा आला का.

पुनवेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं निघालो, दादा, भाभी आणि मी. घराची मालकीण पुनवेला दुपारी कागद घेऊन तिथेच येणार होती. दादानं बरोबर टरबुजाचं बी घेतलं, फावडं घेतलं आणि शेणखताचं एक पोतं घेतलं.

“खत कसाले?” मी विचारलं.

“जमीन दखाले नको का? बी टाकाशिवाय जमीन बोलस नही.”

नंदुरबार स्टेशनवर पोतं डब्यात चढवलं तेव्हा समोरच्या बाकावरची तीन माणसं उठून दुसऱ्या डब्यात गेली. चौथा बसून राहिला. तो नवापूरकडचा, पौलस नावाचा शेतकरी होता. त्यानं नाकानं दोनदा हुंगलं, पोत्यावर हात फिरवला आणि विचारलं, दोन वर्षांचं आहे ना? दादाचा चेहरा फुलला. नवापूर येईपर्यंत दोघं खतावर बोलत होते. पौलस उतरला तेव्हा दादा म्हणाला, दखा, रस्त्यातच शकुन झाला. तिकीट तपासणारा आला, पोत्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि तिकीट न बघताच पुढे गेला. एवढा एक फायदा खताचा झाला, हे मला मान्य करावं लागेल.

सुरतेला धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी टांग्यानं घरापाशी पोहोचलो. घर खरंच देखणं होतं. विटांचं, वर कौलं, पुढे लाकडी खांबांचा ओसरा, ओसऱ्याला सात दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या खाली रेती. रेती, रेती आणि रेती. समुद्र कुठे आहे, असं मला विचारावं लागलं. दादानं हात लांब करून दूरवरची एक चकाकती रेघ दाखवली.

“तो तठे. गरीब शे बिचारा, कोनाले तरास देस नही.”

घराची राखण नथ्थू नावाचा एक म्हातारा करायचा. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा, फारच अदबीचा. पाहुणे काहीही करोत, त्यांना टोकायचं नाही, हे मालकिणीनं त्याला शिकवून ठेवलेलं असावं. त्या अदबीनं पुढे सगळा घात केला.

मी यादी काढली आणि घर बघायला लागलो. खिडक्यांचे गज गंजून अर्धे झाले होते, हाताला पापुद्रे येत होते. दादा म्हणाला, जुनं लोखंड, आपण नवीन बसवू. भिंतींना पांढरी फुलं आली होती. दादा म्हणाला, चुना फुलतोय, म्हणजे चुना अस्सल. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि मी ते थुंकलं. दादानं ते आवाज करत गिळलं आणि म्हणाला, यात डाळ लवकर शिजेल आणि मीठही वाचेल. पाचव्या पायरीवर एक हिरवी काळसर रेघ होती, शेवाळाची. मी बोट ठेवून विचारलं, हे काय?

“आखाडना पूर,” दादा म्हणाला. “आपला घरले तं उंबरापावत येस. आठे पाचवी पायरीच. कितला सभ्य पूर!”

समोर दोन मासेमारीच्या होड्या रेतीत कलून पडल्या होत्या. मी म्हटलं, होड्या कोरड्यावर का? दादानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. आपला नावाडी दिवाळीनंतर नाव कुठे ठेवतो? काठावर. मग? शेवटचा उपाय म्हणून मी खाली वाकून चिमूटभर रेती जिभेवर ठेवली.

“दादा, खारी शे.”

“लोके टरबूजले मीठ लाईसन खातस. आठे लावानं कामच नही!”

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. बत्तीसच्या बत्तीस प्रश्न संपले होते आणि दादा बत्तीसही जिंकला होता.

मग त्यानं धोतर खोचलं आणि कामाला लागला. घरापासून चारशे पावलं आत जाऊन, जिथे ओल चांगली वाटली तिथे त्यानं दोरी लावून चाळीस खड्डे घेतले, चार ओळी, दहा-दहाच्या. मला फावडं दिलं नाही. म्हणाला, पहिली वाडी मालकानं करायची असते. प्रत्येक खड्ड्यात पसा पसा खत, प्रत्येकात चार बिया. दोन काठ्यांना स्वतःचा काळा कोट चढवून वर मडकं ठेवलं आणि बुजगावणं उभं केलं, पाखरं बगळ्यांसारखी दिसत होती म्हणून. शेवटी पूर्वेकडे तोंड करून नारळ फोडला. त्याचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस, पण त्या रेतीत तो वीस वर्षांचा दिसत होता. मला राग येत होता आणि त्याच्याकडे बघत राहावंसंही वाटत होतं.

नथ्थू ओसऱ्यावरून हे सगळं पाहत होता. चाळीस खड्डे, त्यात नैवेद्य, वर धान्य, काळ्या कपड्यातला देव आणि नारळ. खानदेशातले लोक दर्याची पूजा अशी करत असावेत, असं त्याला वाटलं. नारळ फुटला तेव्हा त्यानं टोपी काढून हात जोडले. पूजेत बोलायचं नसतं, म्हणून तो काही बोलला नाही.

भाभींनी ओसऱ्यावर डबा सोडला. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर दादानं घरातली एक खाट डोक्यावर घेतली, वाडीत नेऊन टाकली आणि राखणीला म्हणून तिच्यावर आडवा झाला. तापीच्या वाडीत तो असाच निजायचा. दोन मिनिटांत घोरायला लागला. मी ओसऱ्याच्या खांबाला टेकलो आणि माझाही डोळा लागला.

जाग आली ती कसल्याशा सळसळीनं. डोळे उघडले. दूरवरची चकाकती रेघ दूर नव्हती. ती पार होड्यांच्या पलीकडे येऊन पोहोचली होती, आणि माझ्या देखत पहिली होडी हलली, सरळ झाली आणि उभी राहिली. मी आकाशाकडे बघितलं. ढगाचा ठिपका नाही.

“पूर उना!” मी ओरडलो. “पूर उना रे!”

तापीकाठच्या माणसाला पुराचं शिक्षण लहानपणीच मिळतं. आधी बैल सोडायचे, मग धान्य वर चढवायचं, मग म्हातारी माणसं. मी पळत ओसऱ्याच्या मागे गेलो, बैल नव्हते. धान्य शोधलं, भाभींच्या डब्यात दोन भाकरी होत्या, त्या कौलावर फेकल्या. मग मला म्हातारं माणूस आठवलं आणि मी रेतीत धाव घेतली.

पाणी समोरून येत होतं ते ठीक. ते बाजूनंही येत होतं, आणि एक ओघळ तर घराच्या बाजूनं, मागून आला. असली बेशिस्त तापीनं जन्मात केली नाही. मी पोहोचलो तेव्हा वाडीच्या दोन ओळी गेल्या होत्या आणि खाटेचे पाय पाण्यात होते. दादा घोरत होता. मी त्याला गदागदा हलवलं. त्यानं पाय खाली सोडले, ते घोट्यापर्यंत बुडाले, आणि तो उठून बसत म्हणाला,

“आखाड लागी गया का?”

“लागी गया! ऊठ!”

पण तो माझ्याबरोबर येईना. टोपी काढून तिसऱ्या ओळीतलं खत टोपीत भरायला लागला. मी त्याला ओढतोय, तो बी शोधतोय, खाट आमच्या दोघांच्या मधून निघून चाललीय, आणि मडक्याचं डोकं असलेला काळा कोट गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून आमच्याकडे बघतोय. मग तो वाकला, आडवा झाला आणि सावकाश मुंबईच्या दिशेनं निघाला. शेवटी भाभी कासोटा मारून आल्या, त्यांनी खाटेचा एक पाय धरला, दुसऱ्या हातानं दादाची बंडी धरली आणि दोघांनाही ओढत पायऱ्यांपाशी आणलं. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आमच्या मागे आलं. भाभी सगळा वेळ हसत होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली, पण त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

ओसऱ्यावर नथ्थू हात जोडून, डोळे पाण्यानं भरून उभा होता.

“दरियाए लई लीधुं, शेठ! बधुं लई लीधुं!” देवानं सगळा नैवेद्य घेतला, म्हणाला. असं भाग्य त्यानं पाहिलं नव्हतं.

दादा पहिल्या पायरीवर, म्हणजे ज्या अजून कोरड्या होत्या त्यांतल्या पहिल्या पायरीवर बसला. टोपी पिळली. मग त्यानं नथ्थूला, अगदी शांतपणे, हे पाणी कधी उतरणार असं विचारलं.

“रात्रीपर्यंत,” नथ्थू म्हणाला.

“आणि परत कधी येईल?”

“पहाटे.”

दादानं थोडा विचार केला. “म्हणजे वर्षातून किती वेळा?”

नथ्थूला प्रश्न कळायला वेळ लागला. दिवसातून दोनदा, शेठ, तो म्हणाला. त्याच्या बापाच्या आधीपासून. अधिक महिन्यातही? अधिक महिन्यातही. एकादशीला? एकादशीलाही. आज पुनव म्हणून जास्त आहे, अष्टमीला जरा कमी असतं.

“अष्टमीले कमी!” दादा माझ्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक परत आली. “चुनी, आठ दिनमा येणारं कोणतं पीक शे?”

“कोणतंच नही,” मी म्हणालो.

धोतर सोडून उन्हात वाळत घालायला दादा घराच्या मागे गेला. मला वाटलं, झालं, सुटलो. मी भाभींना म्हणालो, चला, आता सामान बांधू, हे खूळ गेलं एकदाचं.

भाभींचं हसणं थांबलं होतं. त्या पदर पिळत होत्या.

“खूळ जावाव नही,” त्या म्हणाल्या. “तुमना दादा घर लेतीनच. तुमले काय वाटस, चुनीभाऊ, यासले समुद्र पाहिजे व्हता?”

“मंग?”

“वैशाखमा पाव्हणा उनात तव्हय तुम्ही काय बोलनात? आमनी पेटीले ठेच लागी तुमले.”

मला आठवेना. मग आठवलं. लग्नसराई होती, घरात पंधरा पाहुणे, मधल्या खोलीत दादाची लोखंडी पेटी होती आणि माझा अंगठा तिच्यावर आपटून नख उडालं. मी ओरडलो होतो, की या घरात दोन संसार मावत नाहीत, कुणीतरी एकानं निघायला हवं. संध्याकाळी नखाला हळद लावली आणि विसरलो. माझं बोलणं असंच असतं, तोंडातून निघालं की माझ्यापुरतं संपतं.

“तो दिनथून तुमना दादा घर शोधी ऱ्हायनात,” भाभी म्हणाल्या. “जवळ लिधं तं लोके बोलतीन, भाऊनी काढी दिधं. दूर जावाले काही कारण पाहिजे ना. रेती देखी, बरं वाटनं त्यासले.”

ज्याला मी दोन आठवडे खुळा म्हणत होतो, तो खुळा माझ्या एका तिखट बोलण्यापायी आपली बाग विकून समुद्रात राहायला निघाला होता.

तेवढ्यात टांगा आला. मालकीण जमनाबाई, सत्तरीच्या, पांढरं लुगडं, चष्मा, हातात कागदांची थैली. त्यांनी ओसऱ्यावर ओली खाट बघितली, कौलावर दोन भाकरी बघितल्या, पंचा नेसलेला दादा बघितला. मग बसल्या. कागद काढले. दादाला भरतीचं कळलं आहे हे नथ्थूनं त्यांना सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, मग तर बरंच झालं, काही लोक नंतर तक्रार करतात.

“तक्रार नाही,” दादा म्हणाला. आमच्याकडे सही करायच्या वेळी माणसं शाळेतली मराठी बोलतात, तसं बोलला. “घर मला पसंत आहे.”

“किती माणसं राहणार?”

“दोघं. मी आणि ही.”

जमनाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “मग एकदा विचार करा. गज बदलता येतात. विहीर दुसरी खणता येते. मी या घरात अकरा वर्षं एकटी राहिले. इथं बोलावं तर कुणी नसतं, आणि हा,” त्यांनी हातानं समुद्र दाखवला, “एक क्षण गप्प बसत नाही.”

“सवय होईल,” दादा म्हणाला आणि दौतीतल्या टाकाकडे हात नेला.

त्याचा हात मी बघत होतो. त्याच हातानं मला नऊ वर्षांचा असताना नदीत पोहायला सोडलं होतं आणि खालून धरून ठेवलं होतं. आता तो टाक बुडवत होता. काढायला माझ्याकडे एकही खुसपट शिल्लक नव्हतं.

“दादा,” मी म्हणालो. घसा बसलाच. “नको जाऊ.”

“काय?”

“नको जाऊ म्हनस. ती पेटी ऱ्हाऊ दे मधली खोलीमा. मी पाय पाहिसन टाकसू. पोऱ्हे निजतीन कोनाजोडे? मले तू घरमा पाहिजे.”

एवढं बोलून मी रडलो. चार पोरांचा बाप, जमनाबाईंच्या आणि नथ्थूच्या देखत, हुंदके देऊन रडलो. नथ्थूनं पुन्हा टोपी काढली.

दादानं टाक खाली ठेवला. मी पेटीचं नाव घेतलं तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. त्यानं भाभींकडे रागानं बघितलं, भाभींनी समुद्राकडे बघितलं. मग त्यानं आपले दोन्ही हात उताणे करून बघितले. फावड्यानं दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

“हाई पंधरा दिन पहिले बोलनं व्हतं ना, गाढव,” तो म्हणाला. “चाळीस खड्डा खंदाले लावात मले!”